साठा सामायिक, वाटा प्रत्येकाचा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त लालबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सामायिक साठा म्हणजे काय, हे लालबागच्या रहिवाशाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे पाणी भूमीच्या पोटातच अडवून ते बऱ्हाणपूरच्या वस्तीपर्यंत आणणारा कुंडी भंडारा येथून हाकेच्या अंतरावर आहे. इ. स. १६१५ मध्ये, जहांगीराच्या कारकिर्दीत, अब्दुल रहीम खानखाना याच्या आश्रयाने आणि तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने ही योजना आकाराला आली. शंभरावर कुंड्या भूमिगत बोगद्याने एकमेकींस जोडलेल्या आहेत आणि त्या सर्वांचे पाणी सुमारे चार किलोमीटर वाहत जाऊन जाळी करंज येथे पोहोचते. मार्च २०२४ मध्ये या वास्तूचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, ही या गावाला अभिमानाची गोष्ट होय. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. कुंड्या अनेक असल्या तरी पाणी एकच आहे. एका कुंडीतून बेसुमार उपसा झाला तर त्याची झळ केवळ त्या कुंडीलाच लागत नाही.

नेमका हाच प्रश्न गेल्या काही दशकांत अगदी वेगळ्या क्षेत्रात उभा राहिला. महाविद्यालय, कचेरी, संशोधनसंस्था किंवा ग्रंथालय यांत अनेक संगणक एका जाळ्याने जोडलेले असतात आणि त्या सर्वांची कागदपत्रे ज्यावर ठेवली जातात तो एक मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, असतो. त्या सर्व्हरच्या डिस्कवरील जागा ही सर्वांची सामायिक मालमत्ता होय. ती कोणी किती वापरावी, मर्यादा ओलांडली असता काय व्हावे आणि हे ठरवावे कोणी, या व्यवस्थेला संगणकाच्या व्यवहारात ‘कोटा’ म्हणतात. शिधापत्रिकेमुळे हा शब्द मराठी माणसाच्या पुरता परिचयाचा झालेला आहे. विषय वरवर तांत्रिक वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी न्याय्य वाटपाचा आणि जतनाचा असा दुहेरी प्रश्न आहे. शंभर वर्षांचे ग्रंथालय आपले जीर्ण ग्रंथ संगणकावर उतरवू लागते, तेव्हा तो प्रश्न त्याच्या दारी येऊन उभा राहतो.

प्रथम जागेचा हिशेब पाहू जाता, कपाट आणि डिस्क यांत एक मोठा भेद दिसतो. कपाट भरत आले की ते डोळ्यांना दिसते. पुस्तके आडवी पडू लागतात, खिडकीच्या कठड्यावर गठ्ठे चढतात. डिस्क मात्र शेवटच्या क्षणापर्यंत रिकामी आणि भरलेली सारखीच दिसते. सन १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने डिस्कवर साठवण करणारे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून अवघी पन्नास लाख अक्षरचिन्हे मावत. आज त्याच्या लक्षावधी पटींची जागा तळहाताएवढ्या डबीत मिळते. जागा एवढी स्वस्त झाल्यावर वाटपाचा प्रश्न मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, कारण जागेबरोबर साठवणाराची हावही वाढत गेली, आणि तिची गती अधिक होती.

मराठी वाचकाला याचा एक साधा हिशेब उपयोगी पडेल. संगणकाच्या जागेचे माप ‘बाइट’ हे आहे. इंग्रजीचे एक अक्षर साधारणपणे एका बाइटमध्ये मावते. आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोड पद्धतीच्या प्रचलित लेखनरूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘क्षि’ हे एक जोडाक्षर डोळ्यांना एकच दिसते, परंतु संगणकाच्या लेखी त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे बारा बाइट. तरीही मजकूर म्हणून टंकित केलेले मराठी पुस्तक फार जागा घेत नाही. तीनशे पृष्ठे, प्रत्येक पृष्ठावर तीनशे शब्द आणि शब्दामागे सरासरी पाच चिन्हे धरली, तर सारा ग्रंथ सुमारे दीड मेगाबाइटमध्ये बसतो. त्याच ग्रंथाची पाने इंचाला तीनशे ठिपके या प्रमाणात रंगीत छायाचित्रित केली आणि ती न दाबता जशीच्या तशी ठेवली, तर साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच अशा एका पृष्ठाला सुमारे १२.६ मेगाबाइट आणि संपूर्ण ग्रंथाला सुमारे ३.८ गिगाबाइट जागा लागते. मजकुराहून ही जागा अडीच हजार पटींच्या आसपास जाते. एक टेराबाइटची डिस्क म्हणजे कोणालाही अथांग वाटावी, परंतु तीत असे जेमतेम अडीचशे ग्रंथ मावतात. मग एखाद्या सभासदाने त्याच डिस्कवर विवाहसमारंभाचे चित्रण ठेवले, तर त्याने किती ग्रंथांची जागा अडवली, हे निराळे सांगावयास नको.

या व्यवस्थेचा इतिहासही उद्बोधक आहे. संगणक जेव्हा अतिशय महाग होता तेव्हा एका यंत्रावर शेकडो विद्यार्थी व संशोधक आळीपाळीने काम करीत. युनिक्स ही कार्यप्रणाली विद्यापीठांतून पसरली ती अशाच सामायिक वापरासाठी. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाचे रॉबर्ट एल्झ यांनी तयार केलेली कोटा-व्यवस्था कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत समाविष्ट झाली. पुढे लिनक्सने तोच साचा उचलला. सन २००० मधील विंडोजच्या आवृत्तीतही वापरकर्त्यागणिक मर्यादा घालण्याची सोय आली. एवढ्या वर्षांत यंत्रे बदलली, परंतु त्या व्यवस्थेची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

ती कल्पना अशी. प्रत्येक वापरकर्त्यास दोन मर्यादा असतात. पहिली सौम्य आणि दुसरी कठोर. सौम्य मर्यादा ओलांडली तरी काम थांबत नाही. केवळ इशारा मिळतो आणि एक मुदत सुरू होते. ही मुदत बहुधा सात दिवसांची असते. त्या अवधीत अनावश्यक फाइली काढून वापर मर्यादेच्या आत आणावा, अशी अपेक्षा असते. मुदत टळून गेली, तर सौम्य मर्यादाच कठोर बनते आणि वापर खाली येईपर्यंत नवे काही लिहिता येत नाही. कठोर मर्यादेला मात्र मुदत नाही. तेथे पोहोचताच लेखन त्याच क्षणी अडते. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कोटा आधी ठेवलेले काहीही पुसून टाकत नाही. तो केवळ पुढचे थांबवतो. ग्रंथालयाच्या सभासदाला यात नवे काही वाटू नये. पुस्तक परत करण्याची तारीख उलटली तर आधी स्मरणपत्र जाते, पुढे नवे पुस्तक देणे थांबते. परंतु त्यासाठी कोणी सभासदाच्या घरी जाऊन त्याचे कपाट उघडत नाही.

मर्यादा आणखी एका बाबतीत असते. जागा शिल्लक असूनही लेखन अडावे, असा अनुभव येतो तेव्हा नवखा व्यवस्थापक गोंधळतो. याचे कारण असे की, पारंपरिक युनिक्स व्यवस्थेत प्रत्येक फाइलीसाठी नोंदवहीत एक घर लागते आणि या घरांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरलेली असते. ग्रंथालयात कपाटे रिकामी आहेत, परंतु दाखल नोंदवहीची पाने संपली आहेत, अशी स्थिती कल्पिली म्हणजे हे उमजेल. लहान लहान लक्षावधी फाइली निर्माण करणारा वापरकर्ता थोडी जागा घेऊनही सर्वांची नोंदवही संपवू शकतो. म्हणून कोटा जागेवर असतो तसा फाइलींच्या संख्येवरही असतो.

आता एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. वीस गिगाबाइटचा कोटा मिळाला म्हणजे तेवढी जागा आपल्या नावाने राखून ठेवलेली आहे, असे बहुतेकांना वाटते. तसे नसते. कोटा ही मर्यादा आहे, राखीव जागा नव्हे. पन्नास वापरकर्त्यांना प्रत्येकी वीस गिगाबाइट दिले तर बेरीज एक हजार गिगाबाइट होते, परंतु प्रत्यक्ष डिस्क पाचशेचीच असू शकते. हा लबाडीचा व्यवहार आहे काय? मुळीच नाही. ग्रंथालयही प्रत्येक सभासदास एका वेळी दोन पुस्तके नेण्याचा अधिकार देते. सर्व सभासदांनी एकाच सायंकाळी येऊन आपापल्या आवडीची तीच ती पुस्तके मागितली, तर तो अधिकार पुरा करता येणार नाही. व्यवहार चालतो तो सर्वजण एकाच वेळी येत नाहीत म्हणून. मात्र जो असे वाटप करतो त्याने रोज कपाटाकडे पाहिले पाहिजे. बेरीज साठ्याहून मोठी ठेवून निश्चिंत झोपणारा व्यवस्थापक आणि धरणाच्या पातळीकडे न बघता आवर्तन सोडणारा अधिकारी, यांत फरक तो काय?

पाण्याचा दाखला पुन्हा आला, तो योगायोगाने नव्हे. तापीच्या खोऱ्यातच, खानदेशात, पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धतीची सिंचनव्यवस्था शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येई. भिजणारी जमीन मोठ्या फडांत विभागलेली असे आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. पाटकरी पाणी फिरवी. या व्यवस्थेचे मर्म टंचाईच्या वर्षी प्रकट होई. पाणी थोडे असेल तर सर्व फडांना अर्धवट पाणी देऊन सारेच पीक वाळू देण्याऐवजी, त्या वर्षी किती फड भिजवायचे हे गावकरी मिळून ठरवीत. शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असल्याने टंचाईचा भार कोणा एकावर न पडता सर्वांमध्ये विभागला जाई. नियम लिहिलेला नसला तरी तो सर्वांना ठाऊक असे आणि पाण्याचा वाटा कोणाला किती मिळाला हे उघड्या पाटातून सर्वांना दिसे. संगणकावरील कोट्यात बहुधा याच दोन गोष्टींची उणीव असते. मर्यादा कोणीतरी एकट्याने ठरवलेली असते आणि कोण किती वापरतो हे कोणाला दिसत नाही.

याच जिल्ह्यात दुसरा एक दाखला उपलब्ध आहे. नेपानगरचा कागद कारखाना हा वर्तमानपत्री कागद तयार करणारा भारतातील पहिला कारखाना. त्याचे उत्पादन १९५५ मध्ये सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे राष्ट्रार्पण झाले. तरीही देशाची कागदाची भूक भागत नव्हती. परदेशी चलन वाचवावे म्हणून शासनाने १९६२ च्या नियंत्रण आदेशान्वये वर्तमानपत्रांना कागदाचा कोटा ठरवून दिला. पुढे १९७२-७३ च्या धोरणात दहा पृष्ठांची कमाल मर्यादा आली. शिवाय पृष्ठे वाढवून खप कमी करणे अशी अदलाबदल आपल्याच कोट्याच्या आतही करू नये, असे बंधन आले. ३० ऑक्टोबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेनेट कोलमन खटल्यात बहुमताने ही बंधने अवैध ठरवली. कागद तुटपुंजा असेल तर त्याचे न्याय्य वाटप करण्यास हरकत नाही. परंतु वाट्याला आलेल्या कागदावर काय आणि किती पृष्ठांत छापावे, हे ठरविणे वाटप करणाराचे काम नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

सर्व्हरच्या व्यवस्थापकाने ही गोष्ट जरूर ध्यानी धरावी. कोटा किती, हे संस्थेने ठरवावे. त्या कोट्यात काय ठेवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. व्यवस्थापकाला सर्वांच्या फाइली उघडण्याची यांत्रिक शक्ती असते, म्हणून तसा नैतिक अधिकारही येतो असे नाही. जागेचा हिशेब घेणे निराळे आणि मजकुराची झडती घेणे निराळे.

अर्थात ही व्यवस्था निर्दोष आहे असे मुळीच नव्हे. तिचे काही दोष अनुभवाने उघड झालेले आहेत. पहिला दोष मालकीचा. सामान्यतः फाइल ज्याने निर्माण केली त्याच्या खात्यावर तिची जागा मोजली जाते, मग ती कोणत्याही सामायिक कप्प्यात ठेवलेली असो. समजा, एखाद्या ग्रंथालयात जुन्या ग्रंथांची छायाचित्रे घेण्याचे काम एकाच लिपिकाकडे आहे. सर्व ग्रंथ संस्थेचे, सर्व वाचन सभासदांचे, परंतु जागा मात्र लिपिकाच्या नावावर चढत जाते. शेवटी कोटा संपतो तो सर्वांत अधिक काम करणाऱ्याचा, आणि वर ‘जागा फार वापरता’ असा ठपकाही त्याच्याच माथी येतो. यास उपाय आहे. मर्यादा व्यक्तीवर न घालता गटावर किंवा प्रकल्पाच्या कप्प्यावर घालण्याची सोय पुढील काळात उपलब्ध झाली. संस्थेचे काम संस्थेच्या खात्यावर मोजले जावे, हे तत्त्व यंत्राला समजावून देता येते. आधी ते माणसांना पटले पाहिजे.

दुसरा दोष अधिक घातक. काम करता करता कठोर मर्यादा आली तर हाती असलेल्या फाइलीचे काय होते? पूर्वीच्या अनेक आज्ञावल्या जुनी फाइल आधी रिकामी करीत आणि मग नवा मजकूर लिहू लागत. मध्येच जागा संपली म्हणजे जुनेही गेले आणि नवेही अर्धेच उतरले. म्हणून त्या काळच्या मार्गदर्शिकांत असा सल्ला असे की, इशारा आल्यास संपादन बंद करून बाहेर पडू नये. ते तसेच ठेवून दुसरीकडील नको असलेल्या फाइली आधी काढाव्यात आणि मग मजकूर जतन करावा. आता बहुतेक आज्ञावल्या नवी प्रत पूर्ण लिहून झाल्यावरच जुनी हलवतात. तरीही सौम्य मर्यादेचा इशारा हा उपद्रव समजून दुर्लक्षिणारास केव्हातरी त्याची किंमत द्यावी लागते.

तिसरा दोष व्यवस्थापकाचा स्वतःचा. पारंपरिक युनिक्स व्यवस्थेत सर्वाधिकारी खात्याला कोटा लागू होत नाही. लिनक्सच्या ‘एक्स्ट’ कुळातील फाइलव्यवस्थेत तर मूळ मांडणीनुसार पाच टक्के जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते, आणि तिचे प्रयोजनही योग्य आहे. डिस्क पूर्ण भरली तरी दुरुस्ती करण्यापुरती जागा कोणाच्या तरी हाती असावी लागते. परंतु सर्व्हर स्वतःच आपल्या कामाच्या नोंदी रात्रंदिवस लिहीत असतो. त्यांची छाटणी झाली नाही, तर सामान्य सभासदांवर काटेकोर मर्यादा असूनही डिस्क एका सकाळी भरलेली आढळते. कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्यातही पाण्यातील चुन्याचे थर भिंतींवर चढत राहतात आणि वाट अरुंद करतात. ते थर कोणा उपसा करणाराने टाकलेले नसतात. वेळोवेळी खाली उतरून पाहणाराची गरज असते, एवढेच.

मग साफसफाई आज्ञावलीवर सोपवावी काय? पुष्कळ ठिकाणी ती तशी सोपविली जाते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. अशा यंत्रांवर साठ्याचे दोन विभाग पाडण्याची सर्वत्र रूढी आहे. एक विभाग कायमच्या कामाचा, लहान आणि जपून वाटलेला. दुसरा तात्पुरत्या गणितासाठी, प्रशस्त, परंतु ठरावीक काळानंतर झाडून काढला जाणारा. ही विभागणी शहाणपणाची आहे. परंतु झाडूवाल्याला घर नीट दाखवावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर जुन्या नोंदी काढून टाकणाऱ्या आज्ञावलीत दोष राहिला आणि सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. चौदा संशोधनगटांना त्याची झळ पोहोचली आणि त्यांतील काहींची माहिती कायमची गेली. जागा मोकळी करण्याच्या घाईत विद्वानांचे परिश्रम गेले. कोटा म्हणजे सुरक्षितता नव्हे आणि साफसफाई म्हणजे व्यवस्थापन नव्हे. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत अन्यत्र, शक्य तर दुसऱ्या इमारतीत, असलीच पाहिजे.

हा प्रश्न मोठ्या संस्थांपुरता राहिलेला नाही. तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे. गूगल कंपनीने १ एप्रिल २००४ रोजी एक गिगाबाइटची टपालपेटी विनामूल्य देऊ केली तेव्हा, आता काही पुसण्याची गरज उरली नाही, असे लोकांना वाटले. २०१३ मध्ये टपाल, कागदपत्रे आणि छायाचित्रे यांचा मिळून पंधरा गिगाबाइटचा एकच कोटा झाला. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रेही त्यात मोजली जाऊ लागली. जुलै २०२२ पासून जगभरातील शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद जागा जाऊन प्रत्येक संस्थेस १०० टेराबाइटचा सामायिक साठा मूळ वाटा म्हणून उरला, आणि अनेक विद्यापीठांना आपल्या प्राध्यापकांवर व विद्यार्थ्यांवर एकाएकी मर्यादा घालाव्या लागल्या. फुकट मिळालेली अमर्याद गोष्ट अमर्याद राहत नाही, हा जुनाच धडा लोकांनी नव्याने गिरवला. पहाटेपासून येणाऱ्या फुलांच्या आणि सुविचारांच्या शुभप्रभात-चित्रांनी कित्येकांचे दूरध्वनी भरून जातात आणि नातवंडाचे छायाचित्र घेऊ जाता ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर येते. तेथे वाटप करणारा कोणी नाही. साठवणाराने स्वतःच निवड करावयाची आहे, आणि तेच सर्वांना जड जाते.

आता ग्रंथालयाकडे वळणे उचित होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद छपाईत आला आणि त्यावरील ग्रंथ आज हात लावताच तुकडे होऊन हाती येतात. शतायुषी ग्रंथालयात असे ग्रंथ असतात की ज्यांची दुसरी प्रत सहजी मिळत नाही. ते संगणकावर उतरविण्याचे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. परंतु डिस्क विकत आणली म्हणजे काम झाले असे समजू नये. आधी वाटपाची नीती ठरली पाहिजे. दुर्मिळ ग्रंथांच्या छायाचित्रांना संस्थेच्या नावे स्वतंत्र कप्पा असावा आणि त्यावर पहिला हक्क त्यांचाच राहावा. त्यांची मूळ, न दाबलेली प्रत एकदाच काढून जपून ठेवावी आणि वाचकांसाठी दाबलेली लहान प्रत निराळी करावी. म्हणजे रोजच्या वापराला मोठी जागा लागणार नाही. कार्यालयाचा पत्रव्यवहार आणि हिशेब यांना बेताचा कोटा पुरे. समारंभांची छायाचित्रे अवश्य ठेवावीत, परंतु एकाच प्रसंगाची दोनशे ठेवण्याऐवजी निवडक दहा ठेवावीत आणि त्यांखाली नावे व तारखा लिहाव्यात. नावाविना छायाचित्र वीस वर्षांनी कोणालाच ओळखू येत नाही, मग जागा व्यापून ते करणार काय? शेवटी, कोणत्या कप्प्याने किती जागा घेतली याचा तक्ता दर तिमाहीस कार्यकारी मंडळापुढे यावा आणि सूचनाफलकावरही लागावा. फडाचे पाणी सर्वांना दिसे म्हणून भांडणे कमी होत, हे येथेही लागू आहे.

तरीही सर्वांत अवघड प्रश्न उरतोच. काय ठेवावे आणि काय टाकावे? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून मोडी दप्तरे गोळा केली, ती अनेकांच्या दृष्टीने निव्वळ अडगळ होती. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसपर्यंत गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या संग्रहाचे जतन करणारी संस्था तेथेच उभी राहिली. एका पिढीची अडगळ पुढच्या पिढीचे साधन ठरते. म्हणून जागा संपत आली की जुने ते टाकावे, हा नियम ग्रंथालयाला लागू करता येत नाही. जे इतरत्र सहज मिळते ते आधी जावे. जे येथेच आहे आणि अन्यत्र नाही ते सर्वांत शेवटी. हा विवेक कोणत्याही कोट्याच्या आज्ञावलीत लिहिलेला नसतो. तो ग्रंथपालाच्या आणि सभासदांच्या ठायी असावा लागतो.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पाचवे, ग्रंथालयाला जिवंत देहाप्रमाणे वाढ असते असे सांगणारे, सर्वांस ठाऊक आहे. वाढणाऱ्या देहाला जागा लागते, तशी शिस्तही लागते. चारशे वर्षांपूर्वी भूमीखाली बोगदा खोदणाऱ्यांनी पाणी कोणा एकाच्या विहिरीत अडवले नाही. सर्वांच्या कुंड्या एका धारेवर ठेवल्या आणि ती धार वाहती राहावी म्हणून खाली उतरण्याची वाटही ठेवली. आश्रयदात्यांनी या संस्थेस डिस्क द्यावी, यंत्रे द्यावीत, हे तर खरेच. परंतु त्याबरोबर वर्षातून चार वेळा खाली उतरून पाहणारी चार माणसेही द्यावीत. साठा विकत घेता येतो. तो राखण्यासाठी मात्र माणसेच लागतात.